पिठी सांडली त्याची गोष्ट

स्टुटगार्ट, रविवार दुपार

ती. बाबांस आणि सौ. आईस,


आज रविवार, म्हणजे इथे भिंतीला ड्रिल लावायची बंदी. रात्री दहानंतरही आवाज करायचा नसतो. त्यामुळे फळ्या, आरसा, पडद्यांचे दांडे सगळे जमिनीवर बसून सोमवारची वाट बघतायत, आणि मीही. म्हटलं, तोवर पत्र लिहून टाकू. बाबा म्हणालेच होते, "पत्तो फोनार सांगू नको, कागदार लिवन धाड."

सहा वर्षांत हे पाचवं बिऱ्हाड. पहिलं कंपनीने चार महिन्यांपुरतं दिलेलं, दुसऱ्यात आम्ही पोटभाडेकरू, तिसरं बाय झाल्यावर पुरेना. चौथ्यात जरा रुळलो तर मालकाचं पत्र आलं, मुलाला राहायला घर हवंय. याला इथे ‘आयगेनबेडार्फ’ म्हणतात, म्हणजे मालकाची स्वतःची गरज. कायदा भाडेकरूची पुष्कळ काळजी घेतो, पण या शब्दापुढे त्याचंही फारसं चालत नाही. बाबा, तुमच्या बदलीच्या ऑर्डरीसारखंच. भाषा सभ्य, अर्थ ‘उठा’.

तुमच्या बदल्या मला हल्ली फार आठवतात. उंबर्डे, नाधवडे, मग थेट देवगड तालुका. 1 मे 1981ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा तुम्ही जागेवरच होतात आणि बदली जिल्ह्याची झाली, हा तुमचा विनोद आम्ही किती वेळा ऐकला! दर बदलीला सामान टेम्पोत चढायचं आणि तुम्ही ती हिरवी पत्र्याची ट्रंक स्वतःच्या पायाशी ठेवायचात. स्टोव्ह, काडेपेटी, कंदील, एका वेळचे तांदूळ, कुळथाचं पीठ, मीठ, हातोडी, चार खिळे आणि एक घोंगडी. बाकीचं सामान आठवडाभर बांधलेलं राहिलं तरी पहिल्या रात्री आम्ही पिठी-भात खाऊन त्या घोंगडीवर झोपलेलो असायचो.

मी मात्र इंजिनिअर. चौथ्या वेळी एक्सेलमध्ये यादी केली. एकसष्ट खोकी, प्रत्येकाला नंबर, खोलीप्रमाणे रंग. यादी लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपचा चार्जर खोका नंबर अडतीसमध्ये, आणि अडतीस नंबर बाकीच्या साठांच्या खाली. त्या रात्री तुमची सून काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून या वेळी ट्रंक. म्हणजे एक चाकाची बॅग, पण तिच्यात तुमचीच यादी. कंदिलाऐवजी बल्ब घेतला, होल्डरसकट. हसू नका. इथे जाणारा भाडेकरू दिवेही काढून नेतो, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. आणि आई, स्वयंपाकघर! तू विचारलंस, ओटा कसा आहे. ओटा नाही. आधीच्या भाडेकरूने कपाटं, शेगडी, सिंक सगळं उचकटून नव्या घरी नेलं. इथे तशी रीतच आहे. आम्हाला मिळाले भिंतीतून डोकावणारे दोन नळ. तू म्हणालीस, "चूल पयली मांड, मगे बाकीचा." चूल बाथरूमबाहेर स्टुलावर मांडली आहे. तांदूळ बेसिनमध्ये धुतो. तांदूळ धुताना बाय दात घासायला आली की पाळी लावावी लागते.

आता पिठीचं ऐका. इथे काटकसरी लोक सुपरमार्केटमधून केळ्यांची रिकामी खोकी आणतात. मजबूत, झाकणवाली, फुकट. आपल्या आंब्याच्या पेटीचीच थोरली बहीण. फक्त तिच्या तळाला हे एवढं मोठं भोक असतं. मला वाटलं, सुनेने कागद घातला असेल. तिला वाटलं, मी. तू दिलेली कुळथाच्या पिठाची दोन किलोची पिशवी तिसऱ्या मजल्यावर त्या भोकाच्या काठावर फाटली आणि मी तळमजल्यापर्यंत पीठ सांडत उतरलो. खोकं हलकं होतंय याचा मला आनंदच होत होता.

त्यातून ती ‘केअरवोखे’ची वेळ. या भागात जिने झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर. खालच्या आजी बाहेर आल्या, वाकल्या, चिमूट उचलून हुंगली आणि विचारलं, मुंग्यांचं औषध का? मी घाईने ओला पोचा मारला. आई, तुला पुढचं कळलंच असेल. तीन मजल्यांवर पिठी तयार झाली, फोडणी तेवढी राहिली. आजी कठड्याला हात टेकून शेवटच्या पायरीपर्यंत देखरेख करत उभ्या होत्या. निघताना त्यांनी हातात पाव आणि मीठ ठेवलं. नव्या घरासाठी इथे तसं देतात.

त्रास झाला असं लिहिणार होतो, पण आखवणे-भोमची घरं 2019ला अरुणा धरणाच्या पाण्यात गेली ती आठवली आणि शब्द खोडला. आमचं घर जिथल्या तिथे आहे, आम्हीच उठलोय.

बाबा, तुमचं गाऱ्हाणं मात्र हिट झालं. फोन स्पीकरवर, सामान उचलायला आलेले चौघे रिकाम्या खोलीत उभे, त्यातला एक जर्मन, एक साताऱ्याचा पोरगा. तुम्ही म्हणालात, "बा देवा रवळनाथा, नव्या घरमालकाक झील असलो तर तेका लांबच्या शहरात नोकरी मिळू दे, ह्या घराची तेका गरज पडू देव नको रे म्हाराजा!" आणि साताऱ्याच्या पोराआधी तो जर्मनच ओरडला, "व्हय म्हाराजा!" नंतर त्याने अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाला, हे भाडेकरारात घालता येईल का?

आता पत्ता. मागच्या पानावर सुवाच्य लिहिला आहे. चौदा दिवसांच्या आत पालिकेत जाऊन नोंदवायचाय, तोवर तरी बदलत नाही. इथे पत्त्यात खोली नंबर नसतो. पोस्टमन बेलवरचं नाव वाचून पत्र टाकतो. आपलं आडनाव पट्टीवर मावेना म्हणून शेवटची दोन अक्षरं कापली गेली आहेत. तुम्हीही पाकिटावर तेवढंच लिहा. आणि डायरीत पेन्सिलीने.

तुमचा,
बाबू

ता. क. आई, कुळथाचं पीठ कुणाबरोबर तरी धाड. या वेळी डब्यात.