समंदाचा पारखी

सांगली, जत, फलटण, अक्कलकोट, धार, देवास अशा जुन्या संस्थानी गावांतून एक विशिष्ट कोटीचे गृहस्थ अद्यापि दृष्टीस पडतात, ज्यांच्या आजा-पणजांच्या दावणीस कोणे एके काळी घोडी होती, ज्यांच्या स्वतःच्या नावावर आज एक सायकल, अर्धा वाडा आणि उरलेल्या अर्ध्या वाड्याबद्दलचा दिवाणी दावा एवढीच मिळकत शिल्लक आहे, आणि तरीही ज्यांच्यापुढे उभे राहिले असता ते घोड्यावर आहेत व आपण रस्त्यावर आहो ही जाणीव बोलणाऱ्यास क्षणभरही सोडीत नाही. यांना अश्वपारखी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु घोड्याचे दात, खूर, छाती आणि चाल पाहणारे पारखी निराळे. ते बाजारात असतात आणि त्यांचे पोट त्या विद्येवर चालते. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचा सारा अंमल रंगावर, आणि त्यातही एकाच रंगावर, म्हणजे समंदावर, चालतो. आमच्या गावच्या या पारख्यांस सर्व लोक रावसाहेब म्हणतात. ही पदवी त्यांस कोणत्या सरकारने दिली याची चौकशी गावाने केलेली नाही, व त्यांनी ती होऊ दिलेली नाही.

समंद म्हणजे पिवळसर तपकिरी अंगाचा घोडा, असे कोश उघडून सांगणाऱ्या माणसाविषयी रावसाहेबांच्या मुद्रेवर जी करुणा प्रकट होते ती पाहण्यासारखी असते. आमच्या शाळेतील मास्तरांनी एकदा, "म्हणजे गुळाच्या रंगाचा म्हणा ना," असे सुचविले, तेव्हा "कोणत्या गुळाच्या, मास्तर? कोल्हापूरच्या की कऱ्हाडच्या? आणि यंदाच्या की गुदस्ताच्या?" असा प्रतिप्रश्न करून त्यांनी मास्तरांस चहा संपण्यापूर्वीच वाटेस लावले. अंग पिवळे असणे ही त्यांच्या मते समंदाची केवळ पहिली परीक्षा. आयाळ व शेपूट काळीभोर हवी, गुडघ्यांपासून खाली चारही पाय काळे हवेत, आणि मुख्य म्हणजे आयाळ जेथे संपते तेथून निघून कण्यावरून थेट शेपटीच्या मुळापर्यंत एक काळी रेघ कोठेही न तुटता गेलेली हवी. पायांवर फिकट आडवे पट्टे असले तर तो दागिना समजावा. नसले तरी हरकत नाही. पण रेघ नसेल तर तो घोडा बदामी असेल, आणखी काही असेल, समंद मात्र नव्हे. आणि अशा घोड्यास समंद म्हणणाऱ्याशी पुढे कोणत्याही विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

वास्तविक या रंगांच्या नावांस जे महत्त्व आले ते काव्यात नव्हे, कचेरीत, आणि तेही शुद्ध अविश्वासापोटी. घोड्यामागे तनखा मिळतो असे दिसताच चांगला घोडा हजिरीस दाखवून तनखा उचलावा, मग तो घोडा विकून टाकावा आणि पुढल्या गणतीस शेजाऱ्याचे मरतुकडे तट्टू उसने आणून उभे करावे, ही कला शिपाईगिरीइतकीच पुरातन आहे. तिला पायबंद घालण्यासाठी अलाउद्दीन खिलजीने घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचा हुलिया लिहून ठेवण्याची वहिवाट पाडली, शेरशहाने ती पुन्हा उचलली आणि अकबराच्या अमदानीत तिचे रीतसर खातेच झाले. तेव्हा समंद, कुमाईत, सुरंग, मुश्की, अबलख ही जी रुबाबदार मंडळी, त्यांचा दफ्तरातील दर्जा जुन्या पारपत्रावरील 'उजव्या गालावर तीळ' याहून फारसा वरचा नव्हता. हे मी रावसाहेबांस एकदा सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढे बरेच दिवस मला पान दिले नाही. पूर्वज समंदावर बसत म्हणून दफ्तरात समंद लिहिला गेला, ही त्यांची श्रद्धा. दफ्तरात एकदा समंद लिहिला गेला म्हणून पूर्वजांस नाइलाजाने समंदावरच बसणे भाग पडले असावे, ही शक्यता त्यांस अब्रुनुकसानीसारखी वाटते.

इतिहासाचा त्यांचा व्यासंग या एका प्रश्नापुरता पक्का आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्यामागे एक पखालजी व एक नालबंद, हा सभासद बखरीतील तपशील त्यांस मुखोद्गत आहे, आणि आपल्या घराण्याचा नामोल्लेख नाही एवढीच त्या बखरीतील उणीव ते मोठ्या मनाने पोटात घालतात. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा व बारगीर म्हणजे सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा. रावसाहेबांचे घराणे, हे सांगणे नकोच, शिलेदारांचे. वाड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणारे त्यांचे चुलतबंधू मात्र तेच घराणे बारगिरांचे असल्याचे खासगीत सांगतात, आणि दिवाणी दाव्याचे खरे मूळ तेथेच असावे असा मला दाट संशय आहे.

त्यांच्या एका युक्तिवादापुढे मात्र मी मान तुकवतो. आपल्याकडील तसबिरींतून व दिनदर्शिकांतून कोणताही मराठा वीर पाहावा, तो पांढऱ्याशुभ्र घोड्यावरच असावयाचा. रावसाहेबांच्या बैठकीत अशी एक तसबीर होती. ती त्यांनी भिंतीवरून उतरविली आणि माजघरात वहिनीसाहेबांच्या शिवणयंत्रावर लावू दिली. "अहो, गनिमी काव्याने जायचे आणि पांढऱ्या घोड्यावर बसून जायचे?" ते विचारतात. "दोन कोसांवरून दिसेल की गनिमाला! मार्गशीर्षात आपले माळ पाहा, डोंगरउतार पाहा, गवत वाळून कोणत्या रंगाचे होते ते पाहा. त्यात समंद उभा केला तर त्याचा धनीसुद्धा त्याला हाका मारीत बसेल." यात सैनिकी सत्य किती आहे हे सैनिकांनी ठरवावे, परंतु दख्खनच्या वाळल्या कुरणातून रेल्वेने ज्याने प्रवास केला आहे त्यास हे बोलणे खोडून काढता येणार नाही. पुण्यात 1928 साली उभारलेला, नानासाहेब करमरकरांच्या हातचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांस म्हणूनच मनापासून प्रिय आहे, कारण धातूच्या त्या पुतळ्यात घोडा निदान पांढरा तरी करता आलेला नाही.

लग्नसराईत या गृहस्थांपासून यजमानांनी सावध असावे. वरात दारापुढे आली, ताशेवाले रंगात आले, सवाष्णी औक्षणाची तबके घेऊन पुढे झाल्या, की रावसाहेब घोडीच्या बगलेपाशी वाकून तिच्या केसांतील भोवरे तपासू लागतात. देवमण कोठे आहे, गोम तर नाही, हे निश्चित होईतो वराने खाली उतरावे की नाही याविषयी मंडळींत चलबिचल सुरू होते. ही नजर घोडीपाशी थांबती तरीही निभावले असते. आमच्या शेजारच्या मुलीसाठी स्थळ पाहावयास त्यांस वडीलकीच्या नात्याने नेले होते. परत आल्यावर मुलीच्या आईने आतुरतेने, "मुलगा कसा आहे, भाऊजी?" असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वर्णाने कुमाईत आहे. छाती ठीक. पुढचा पाय जरा आत टाकतो, पण माणूस मेहनती दिसला." ते लग्न जमले व संसार उत्तम चालला आहे, जावईबापू पुढचा पाय अद्यापि आत टाकतात.

घोड्यांच्या शर्यतींस ते फक्त पुण्यात आणि तेही दुसऱ्याच्या तिकिटावर जातात, आणि तेथून सदैव खिन्न होऊन परततात. त्यांच्या खिन्नतेस शास्त्रीय आधार आहे. शर्यतीच्या विलायती रक्ताच्या घोड्यांत कुमाईत भरपूर, सुरंग भरपूर, भुरेही असतात; परंतु कण्यावर काळी रेघ असणारा खरा समंद त्या जातीत निपजतच नाही. ज्या मैदानावर लोक आपले पगार हरून परततात तेथे रावसाहेब पैही न लावता अधिक हरतात.

खरा समंद त्यांस भेटला तो सारंगखेड्यास. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गुजरात, राजस्थान, पंजाबपासून सौदागर आपली मारवाडी व काठेवाडी जनावरे घेऊन उतरतात. मी त्यांच्यासमवेत होतो. राहुट्यांच्या रांगा ओलांडीत, "बदामी," "बदामी," "हाही बदामी," असे निकाल देत ते चालले होते, तोच एका काठेवाडी घोड्यापुढे त्यांचे पाय थांबले. घोड्याचे कान त्या जातीच्या रीतीप्रमाणे आत वळून टोकांशी एकमेकांस टेकत होते. अंग पिवळसर तपकिरी, आयाळ काळी, पाय काळे, पायांवर फिकट पट्टे. रावसाहेबांनी टोपी काढून काखेत धरली, खिशातला रुमाल पाण्याच्या बादलीत बुडवून पिळला आणि घोड्याच्या मानेवर, मग पाठीवर घासला. रंग लागला नाही. मग त्यांनी तर्जनी आयाळीच्या शेवटाशी ठेवली आणि डोळे मिटून ती रेघेवरून शेपटीपर्यंत नेली. घोड्याने एकदा कातडी थरथरविली, बाकी तो स्तब्ध होता.

सौदागराने गिऱ्हाईक ओळखले. त्याने खांद्यावरचे उपरणे दोघांच्या हातांवर टाकले आणि बाजाराच्या रिवाजाप्रमाणे त्याखाली बोटे धरून किंमत सांगितली. शालिहोत्रापासून सलोतऱ्यांपर्यंत साऱ्या अश्वविद्येची नावे घेणाऱ्या रावसाहेबांस बोटांचा हा हिशेब येत नसावा, किंवा फार चांगला येत असावा. त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. सौदागराने आकडा उतरविला. रावसाहेब पुन्हा पाठीकडे गेले, वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "शेपटाच्या अलीकडे रेघ तुटते आहे. समंद नव्हे हा." सौदागराने हसून चंदीचा तोबरा घोड्याच्या तोंडास बांधला. मीही वाकून पाहिले होते. रेघ कोठेही तुटलेली नव्हती. परतीच्या एसटीत ते धुळ्यापर्यंत बोलले नाहीत. धुळ्यास चहा घेताना मात्र, घोडा वाड्यात बांधावयाचा झाल्यास तो कोणत्या बाजूस बांधता आला असता आणि त्यास चुलतबंधूंनी कशी हरकत घेतली असती, हे त्यांनी मला नकाशा काढून समजावून दिले.

वाचकांपैकी कोणास घोडा घ्यावयाचा असेल, तर त्यांनी अशा पारख्यास बाजारात अवश्य न्यावे. रंगविलेले जनावर गळ्यात पडण्याचे भय राहणार नाही. मात्र घोडा त्याच फेरीत घरी यावा अशी इच्छा असल्यास त्यांस चहाच्या टपरीवर बसवून ठेवावे आणि सौदा आपण स्वतःच उरकावा.