हजेरीपटावरची खोगीरभरती

मार्च 2020मध्ये अमेरिकी संसदेने कोविडच्या साथीतल्या मदतीसाठी केलेल्या केअर्स कायद्यातून उच्चशिक्षणासाठी सुमारे 14 अब्ज डॉलर काढले. वाटप मात्र डोकी मोजून झालं नाही. अर्धवेळवाल्यांची बेरीज करून ‘पूर्णवेळ’ विद्यार्थी बनवायचे, असा नियम. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहून संध्याकाळी दोन विषय शिकणारी मुलगी सरकारच्या लेखी अर्धीमुर्धीच. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, भरणा अशांचाच. साथीआधीपासून निव्वळ ऑनलाइन शिकणारे तर हिशेबातच नव्हते, आणि लगोलग सगळ्यांनाच ऑनलाइन बसवलं गेलं! डिसेंबरमधल्या दुसऱ्या कायद्यात डोकीही मोजायचं सुचलं.

कॅलिफोर्नियाची तऱ्हाच न्यारी. तिथे अशी 116 कम्युनिटी कॉलेजं आणि त्यांच्यावर सत्तरहून अधिक विश्वस्त मंडळं, बहुतेक लोकनियुक्त. राज्याने 2020-21च्या अंदाजपत्रकात त्यांचे दीड अब्ज डॉलरच्या आसपास पैसे पुढच्या वर्षावर ढकलले. म्हणजे मंजुरी पक्की, फक्त पैसे नंतर. पगार मात्र दर महिन्याला.

इकडे खरे विद्यार्थी गळत होते, तिकडे खोगीरभरती जोरात. 2021मध्ये आर्थिक मदतीसाठीचे 65,000हून अधिक अर्ज बनावट असल्याचा संशय आला. नाव आहे, पत्ता आहे, माणूस नाही. ऑनलाइन वर्ग खच्चून भरलेला, पहिल्या गृहपाठाला शुकशुकाट, आणि हाडामांसाचा विद्यार्थी प्रतीक्षा यादीत ताटकळतोय. भुतं हुडकायचं काम अर्थातच प्राध्यापकांच्या गळ्यात पडलं. त्यांतले कित्येक स्वतःही अर्धवेळच.