बी विंगमधली धाकटी निघाली इंग्लंडला!

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या वहिनींची धाकटी इंग्लंडला चाललीय. फिरायला नव्हे हो, नोकरीला! तीच ती, विशेष शाळेत शिकवणारी. सकाळी सातला रिक्षासाठी गेटपाशी उभी असायची बघा, खांद्याला ती फुगलेली पिशवी. पिशवीत काय असायचं, मी पाहिलंय ना! लॅमिनेट केलेली चित्रं, मागे वेलक्रो. पोळी, पाणी, शू, झोका. ज्याला बोलता येत नाही ते मूल चित्र उचलून बाईंच्या हातात ठेवतं, की बाईंना कळतं. वहिनींच्या जाऊबाई गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "बीएड केलंस ते असल्या मुलांकडून रंग भरून घ्यायला?" वहिनींचा चेहरा एवढासा झाला होता. आता त्याच जाऊबाई परवा विचारत होत्या, "आमच्या हिला नाही का जमणार ते स्पेशल बीएड?" जाऊ दे, आपण कशाला बोला...

तर काय सांगत होते, हां, एजंट. बाप-लेक आधी एका एजंटाकडे गेले होते. कुठला ते विचारू नका, मी नाव घेत नाही. तो म्हणे, "अडीच लाख भरा, लंडनची शाळा पक्की, वर क्यूटीएसही मिळवून देतो." म्हणजे तिकडची शिक्षकाची सरकारी मान्यता. काकांनी खिशातून पेन काढलंसुद्धा! पण पोरगी आईच्या वळणावर गेलीय. म्हणाली, "सर, भारतातल्या शिक्षकांना २०२३ पासून थेट अर्ज करता येतो, खरंय. पण गणित, विज्ञान नाहीतर भाषा, तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता असेल तर. माझं बीएड बौद्धिक अक्षमतेचं. मला कसं मिळवून देणार?" त्याने म्हणे एसी वाढवला. तेवढ्यावर थांबेल तर ती कसली! "नोकरी शोधून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला इंग्लंडात बंदी आहे. आपल्याकडे नोंदणी असलेल्या एजंटालाही ३० हजार आणि जीएसटी, याच्यावर घेता येत नाहीत. तुमचा नोंदणी क्रमांक काय?" चहा सांगितला होता, तो आलाच नाही.

मग तिने स्वतःच शोधलं. तिकडच्या सरकारची शाळांच्या नोकऱ्यांची साइट आहे, फुकट. व्हिसा स्पॉन्सर करणार की नाही, ते जाहिरातीतच कळतं. आणि गंमत म्हणजे तिथल्या खासगी विशेष शाळांना कायद्याने क्यूटीएस लागतच नाही. सरकारी शाळेतसुद्धा बाहेर शिकलेल्या शिक्षकाला चार वर्षं त्याच्याविना शिकवता येतं. मात्र असिस्टंटच्या नोकरीवर स्पॉन्सरचा व्हिसा मिळत नाही हं, पद शिक्षकाचंच हवं. नकार पुष्कळ आले. काहींनी तर उत्तरही नाही दिलं, मेल्यांनी.

शेवटी एका शाळेने झूमवर बोलावलं. रात्री नऊला, आणि वहिनींनी आम्हाला कुकर लावायची बंदी केलेली, शिट्टी ऐकू जाते म्हणून. पहिला प्रश्न, मूल चावलं तर काय कराल? ही म्हणाली, चावण्याआधी काय झालं होतं ते आधी बघीन. दुसरा, एखाद्या मुलाने "बाई, कुणाला सांगू नका" म्हणून घरातलं काही सांगितलं तर? तिकडे म्हणे तसं वचन द्यायचंच नाही. शाळेत त्यासाठी नेमलेला माणूस असतो, त्याच्याकडे लगेच जायचं. मला म्हणते कशी, "मावशी, या प्रश्नात तुम्ही पहिल्या आला असता!" घ्या, आता! पण हसले मीही.

बरं, निवड झाली, पण काकांचा चेहरा पडला तो नंतर, खर्च बघून. तिकडच्या दवाखान्याचा सरचार्ज वर्षाला १,०३५ पाउंड, आणि व्हिसा तीन वर्षांचा तर तिन्ही वर्षांचे आधीच भरायचे. आपले तीन लाखांच्या वर गेले की हो! शिवाय टीबीची टेस्ट, पोलिसांचा दाखला, डिग्री तिकडच्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची याचं सर्टिफिकेट. शाळेने आरसीआयची, म्हणजे आपल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही मागितली. तिची चालू होती, दर पाच वर्षांनी पॉइंट जमवून रिन्यू करायची ना. वहिनी तेव्हा वैतागायच्या, "रविवारी कसली गं ती सेमिनारं!" आता गप्प.

तुमच्या नागपूरच्या भाचीचंही चाललंय ना असंच काही? तिला म्हणावं, कुणी ऑफर लेटर नाचवलं की ब्रिटिश सरकारची स्पॉन्सर संस्थांची यादी उघड, सगळ्यांना बघता येते. शाळेचं किंवा ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव त्यात नसेल तर पैसे सोडाच, पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा देऊ नकोस.