सोंगट्या कोण लावणार?

बुद्धिबळ हा थंड डोक्याचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी १ जून २०२५चा नॉर्वेतला तो व्हिडिओ बघावा. हातातला डाव गुकेशला देऊन बसल्यावर मॅग्नस कार्लसनने टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. "आपल्या टेबलाचा एक पाय आधीच हलतोय," एवढंच म्हणून आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं.

मला मात्र कार्लसनबद्दल माया वाटली. एवढा जगात पहिल्या नंबरचा, पण आपल्यातलाच निघाला की! शिवाय जाताना त्याने पोराची पाठ थोपटली. (आपल्याकडे हरलेला गडी आधी पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.)

गुकेशची तऱ्हा निराळी. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव. बरोबरीकडे चाललेल्या डावात डिंग लिरेनने हत्ती भलत्याच घरात नेला आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. डोळ्यांना धार लागली. आणि डोळे पुसत पुसतच पठ्ठ्याने सगळ्या सोंगट्या पटावर पहिल्यासारख्या मांडून ठेवल्या! मनाच्या तयारीसाठी त्याच्याबरोबर पॅडी अप्टन होते. २०११चा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या क्रिकेट संघाबरोबर होते तेच. पण पसारा आवरायला आईनेच शिकवलं असणार, असं हिचं ठाम मत.

आता आमच्या सोसायटीतले अण्णा. रोज पहाटे गच्चीवर अनुलोम-विलोम. पाण्यावरून कुणाची जुंपली की "श्वासावर लक्ष द्या" म्हणत मध्ये पडणार. गणपतीतल्या कॅरम स्पर्धेत त्यांची गाठ पडली चौथीतल्या एका पोराशी. क्वीन घेतली तेव्हा अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, चहा मागवला. कव्हर हुकलं. क्वीन परत मधोमध आली आणि अण्णांचा आत गेलेला श्वास बाहेर येईना. पोराने बोटाला पावडर लावली, नाक वर ओढलं, टिचकी मारली. क्वीन गेली. पाठोपाठ कव्हरही.

अण्णा ताडकन उठले आणि मूठ आवळून जिन्यापर्यंत गेले. मंडपात चिडीचूप. मग परत आले आणि एक शब्द न बोलता डाव्या हाताने सोंगट्या गोळा करून डब्यात भरू लागले. मला अगदी भरून आलं. हिला कोपराने ढोसून म्हटलं, "बघ, सिंगापूर!"

पोरगं तिथेच उभं होतं. "आजोबा," ते म्हणालं, "मुठीतला स्ट्रायकर माझाय."