चिरंजीवांचं पोट

आमच्या चिरंजीवांची शी हा सध्या दोन्ही घराण्यांचा सामाईक विषय आहे. नाशिकहून आईचा फोन येतो तो 'झाली का?' याच प्रश्नाने. हो म्हटलं तर पुढचा, 'कशी झाली?'

उपायांना तोटा नाही. सासूबाई काळ्या मनुका भिजवतात, आत्या बेंबीभोवती हिंग लावते. शेजारच्या काकू विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आल्या, तेव्हा चिरंजीव सोफ्यामागे शिरले ते जेवायलाच बाहेर आले. शी आतच राहिली.

वय वर्षं चार. कळ आली की स्वारी पडद्याआड, पायात पाय अडकवून, चवड्यांवर ताठ, तोंड लालबुंद. बाहेरून आमचा जयघोष, 'लाव जोर!' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो जोर लावत नाहीये, धरून ठेवतोय." कधीतरी खडा झाला, दुखलं, म्हणून पुढच्या वेळी याने धरली. धरली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, खडा वाढतो, आणखी दुखतं. चार वर्षांच्या माणसाच्या तर्कात खोट काढता येत नाही. असंच चालू राहिलं तर गुदाशय ताणून सैलावतो, कळ कळेनाशी होते आणि खड्याच्या कडेने पातळ झिरपून चड्डी खराब होते. त्यावर आत्याचं निदान तयार : "जुलाब झालेत, साबुदाण्याची पेज द्या."

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, हे ऐकून सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे असं पाहिलं की फी द्यायला मलाच पुढे व्हावं लागलं. शिवाय पाण्यात विरघळवायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, तीही काही महिने; बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायची नाही. "सवय लागेल हो पोराला!" इति सासूबाई, ज्यांचा इसबगोलचा डबा माझ्या लग्नाआधीपासून या घरात आहे.

जेवल्यावर आतडी आपसूक हलतात, म्हणून तेव्हा पाच-दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, पाय टेकवून. पायाखाली पाट आला. (गौरीचा नव्हे, हे तीनतीनदा बजावून.) ओरडायचं नाही, आणि मुख्य म्हणजे सारखं विचारायचं नाही. पथ्यांत हेच सगळ्यात अवघड. पोराने मनुका सोडल्या असत्या, पण घराने चौकशी कशी सोडावी?

परवा, भर एप्रिलात, आईने फोनवर हळूच विचारलं, "काय गं, पाऊस झाला का तिकडे?"

"सकाळी चांगली सर आली."

मागून बाबांचा आवाज, "किती मिलिमीटर?"