शून्य नको, बाकी काहीही चालेल

ज्या घरात यंदा बारावी सायन्सचे मूल आहे, तिथला फोन मार्चपासून गरम असतो. "काका, मी प्राध्यापक बोलतोय. चिरंजीवांना पेपर कसे गेले?" इतकी माया सख्ख्या मामाच्या आवाजातही नसते. नंबर कुठून मिळाला, हे विचारू नये. क्लासवाल्याची वही आणि ज्युनिअर कॉलेजचा कारकून या दोन यंत्रणा महाराष्ट्रात अजून चोख चालतात.

बोलणारे गृहस्थ खरोखरच इंजिनीअरिंगचे प्राध्यापक असतात. उष्णतेच्या वहनावर त्यांनी पीएचडी केलेली असते आणि एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलवरून तालुक्याच्या गावांना जाताना ते विषयाची उजळणी करत असतात. संस्थेने टार्गेट दिलेले आहे, माणशी अमुक प्रवेश. आणले तर पगार, नाही आणले तर 'बघू'. तरुणांना अभियांत्रिकीकडे कसे वळवावे, यावर अधूनमधून वातानुकूलित सभागृहांत चर्चासत्रे होतात, पण या माणसाला तिथे कुणी बोलावत नाही. वास्तविक या विषयात त्याच्याइतके फील्डवर्क कुणाचेच नाही. बस फुकट, पुस्तके फुकट, हॉस्टेलचे बघून घेऊ. काका, तुम्ही फक्त कॅप राउंडला पहिला ऑप्शन आमचा टाका.

सरकारही प्रोत्साहनात मागे नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. तोवर पोराला इंजिनीअर करायचे तर देणगीची थैली घेऊन कर्नाटक गाठावे लागे. ती थैली राज्यातच राहू लागली, हा मराठी अस्मितेचा केवढा मोठा विजय! साखर कारखाना आणि दूध संघाच्या पंगतीला कॉलेजही येऊन बसले. पुढे कॉलेजे इतकी झाली की विद्यार्थी कमी पडू लागले आणि मग पात्रतेकडे जरा ममतेने बघणे आले. खुल्या गटाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत ४५ टक्के, राखीव गटाला ४०, आणि सीईटीत गुण शून्य नसावेत. बस. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शून्य मिळवायला अंगात वेगळीच प्रतिभा लागते. अशा मुलाला खरे तर संशोधनाकडे पाठवायला हवे. २०२१ मध्ये तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही शाखांसाठी बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्रही ऐच्छिक करून पाहिले होते. लोकांनी उगाच गिल्ला केला.

आपण ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, अभियंता दिन साजरा करतो ते विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. १९०३ मध्ये त्यांनी खडकवासला धरणाला स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेले की दार आपोआप उघडते. आमच्या प्रवेशप्रक्रियेने त्यात एकच सुधारणा केली आहे. आमचे दार पातळी खाली गेली की उघडते.

विश्वेश्वरय्या सिव्हिलचे, हे मात्र पालकांसमोर बोलू नये. आज बारावीच्या मुलाने "मला धरणे बांधायचीत" म्हटले तर त्याची आई जेवण सोडेल. हवे ते कॉम्प्युटर. ते नसेल तर कंसातले कॉम्प्युटर. 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग (इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी)' हे मी रचलेले नाही, खरोखर पदवीचे नाव आहे. लग्नपत्रिकेत छापायचे तर पत्रिका आडवी करावी लागेल. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाही उठवली. मग काय विचारता! कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या, वर्कशॉपातले लेथ ताडपत्रीखाली गेले आणि उष्णतेच्या वहनावर पीएचडी केलेले आपले प्राध्यापक हल्ली रात्री यूट्यूबवर पायथन शिकतात आणि सकाळी शिकवतात. वर्गाच्या ते एक व्हिडिओ मागे आहेत, पण मुले समजूतदार आहेत, बोलून दाखवत नाहीत.

राहता राहिल्या सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या रिकाम्या जागा. त्यावर समित्या नेमू नयेत. उपाय सोपा आहे. सिव्हिलचे नाव बदलून 'कॉम्प्युटर इंजिनीअरिंग (सिमेंट अँड सळई)' करावे. माहितीपुस्तिकेवर निळ्या रंगाचा, डोक्यात तारा असलेला मेंदू छापावा, फी पंधरा हजारांनी वाढवावी, म्हणजे पालकांचा विश्वास बसेल. जागा पहिल्याच फेरीत भरतील. पहिल्या वर्षी पायथन, दुसऱ्या वर्षी पायथनची केटी, तिसऱ्या वर्षी मुलाखतीत टाय कसा बांधावा याचे प्रशिक्षण, आणि चौथ्या वर्षी वेळ उरलाच तर पाया किती खोल खणायचा ते.