आमची सटवाई

मूल जन्मलं की सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आजी सांगायची. कोरा कागद आणि लेखणी आपण ठेवायची, मजकूर तिचा. त्यात खाडाखोड नाही, फेरतपासणीचा अर्ज नाही. आमच्या रविवारच्या कंपूत एक गृहस्थ आहे, त्याला ही पद्धत साफ नामंजूर आहे. वय 34, नोकरी ऑडिटमधली, राहणार कोथरूड. आम्ही त्यालाच सटवाई म्हणतो.

रविवारी संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. एकानं गोष्ट चालवायची, तो डीएम, म्हणजे मी. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, गुहेत शिरायचं, मारायचं, मरायचं. प्रत्येक पात्राला सहा गुण : ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. (बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळं मोजणारा हा खेळ पुण्यात न निघता अमेरिकेत निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.) फासे टाकून हे आकडे ठरवायला दहा मिनिटं पुरतात. सटवाईला अडीच वर्षं लागली आहेत आणि काम चालू आहे.

तो पहिल्यांदा आला तेव्हा पात्र घरूनच घेऊन आला. 18, 18, 18, 17, 16, 15. मी कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“आईसमोर टाकलेत,” तो म्हणाला.

आमची पद्धत सरळ आहे. चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. दहावीचं बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणा ना. एवढी सूट घेऊनही 18 यायची शक्यता 1296 मध्ये 21, म्हणजे साधारण बासष्ट वेळा टाकावं तेव्हा एकदा. याला सहा वेळांत तीनदा आला होता. हाच माणूस ऑफिसात दुसऱ्याच्या टॅक्सीच्या पावतीवरचा आकडा उजेडात धरून बघतो. पुढं एकदा काकूंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, “हो रे, माझ्यासमोरच टाकत होता. जेवायच्या आधीपासून मालिका संपेपर्यंत.”

त्या दिवसापासून नियम झाला : फासे टेबलावर, सगळ्यांदेखत. त्यावर त्यानं फाशांचीच चौकशी मांडली. स्वयंपाकघरातून मीठ मागवलं, ग्लासभर पाण्यात ढवळलं आणि एकेक फासा त्यात तरंगवून टिचकी मारत बसला. दरवेळी तोच आकडा वर आला तर फासा एका बाजूला जड. युधिष्ठिरानं एक ग्लास पाणी मागवलं असतं तर पुढची सोळा पर्वं वाचली असती, हे मान्य. पण आमचे चार फासे नापास झाले, त्या दिवशी खेळ झाला नाही आणि रात्री आमटी अळणी झाली.

खेळाचा इतिहास मात्र त्याला कीर्तनकारासारखा पाठ. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली पुस्तकं काढली, तेव्हा तीनच फासे होते आणि आले तसे त्याच क्रमानं लिहून घ्यायचे. सरासरी साडेदहा, आणि 18 येणार 216 मध्ये एकदा. हे फासे खेळाडूनं नव्हे तर खेळ चालवणाऱ्यानं टाकायचे असं त्यात छापलं होतं. एवढं एक वाक्य तो कीर्तनातून वगळतो. 1979 च्या डीएमच्या पुस्तकात गायगॅक्सनं चार पद्धती दिल्या, तिथं त्याचा आवाज चढतो. चौथी पद्धत अशी : बारा पात्रांचे आकडे टाका, त्यातलं एक निवडा. ही आम्ही त्याला एकदाच करू दिली.

“आणि उरलेले अकरा?” मी विचारलं.

तो एकदम गप्प झाला. मग पिशवीतून दोनशे पानी वही काढून दाखवली. अकराच्या अकरा तिथं होते, नावगावासकट. टाकवत नाहीत म्हणाला. या एका गोष्टीसाठी मी त्याला बरंच माफ केलं आहे.

1985 च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’त मानवी पात्राच्या मुख्य गुणासाठी नऊ फासे टाकून त्यातले सर्वांत मोठे तीन ठेवायची सोय आहे. तो हे सांगतो तेव्हा डोळे मिटलेले असतात.

यावर उपाय नाही असं नाही. 2014 च्या आवृत्तीत ‘पॉइंट बाय’ आहे : सगळे गुण 8 पासून सुरू, हातात 27 पॉइंट, 15 च्या वर विकत मिळत नाही आणि एका पंधराला नऊ पॉइंट मोजावे लागतात. त्याहून सोपा ‘स्टँडर्ड ॲरे’ : 15, 14, 13, 12, 10, 8. सगळ्यांना सारखेच, हवे तिथं लावून घ्या. दोन्ही त्याला सुचवून झालं. पहिला म्हणजे पगारदारांचा धर्म आणि दुसरा म्हणजे शाळेचा गणवेश, असं त्याचं मत. महिनाभर पगारातून हप्ता, भाडं, किराणा वजा करायचा आणि रविवारीही तेच करायचं का, असं तो विचारतो. याला माझ्याकडं उत्तर नाही.

गेल्या वर्षी त्याला एक स्थळ आलं. मुलगी चांगली, घर चांगलं, पण पत्रिकेत छत्तीसपैकी साडेसतराच गुण जुळले. किमान अठरा हवेत. आयुष्यभर 18 म्हणजे कमाल हे ठाऊक असलेल्या माणसाला ते किमान आहे हे ऐकूनच धक्का बसला. सावरल्यावर तो गुरुजींना म्हणाला, “नाडीचे आठ आहेत ना, त्यातला अर्धा काढून गणात टाकता येईल?” पॉइंट बायवर त्याचा विश्वास बसल्याची ही एकमेव नोंद. गुरुजींनी पंचांग मिटलं.

शेवटी मी सूड घेतला. एका रविवारी टेबलावर ‘ट्रॅव्हलर’ काढला. 1977 चा, अंतराळातला. यात पात्र जन्मतं तेच अठरा वर्षांचं. मग नोकरी लावायची, चार-चार वर्षांची एकेक मुदत काढायची आणि दर मुदतीला जगला की नाही याचा फासा टाकायचा. नाही आला, तर पात्र मेलं. खेळ सुरू व्हायच्या आधीच. हा भाग मी सांगितला होता. त्यानं ऐकला नव्हता, कारण तेव्हा तो आकडे बघत होता. आकडे खरंच देखणे होते, आणि यावेळी आम्ही सगळे साक्षीला होतो. ऐटीत स्काउट सेवेत गेला. दुसऱ्या मुदतीला फासा पडला आणि पात्र पंचविशीत वारलं. ना गुहा, ना यान, ना एक संवाद.

बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला. मला वाईट वाटायला लागलं होतं. मग त्यानं वही काढली, आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, 141 वा क्रमांक घातला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘नोकरीत असताना.’

वहीतल्या 141 जणांपैकी आजवर आमच्या गुहेत शिरला एक. तोही मशाल कुणी धरायची यावर वाद चालू असताना पहिल्याच खड्ड्यात पडला, चपळाई 17 असून.

तर मुद्दा असा, की रविवारी आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. वेळ संध्याकाळी पाच, चहा-पोहे आमच्याकडून. खेळ येत नसला तरी चालेल. फासे इथंच मिळतील, तपासलेले आहेत. पात्र घरून बनवून आणू नये.